पुराण, शास्त्र आणि बायबल : भाईंदर-उत्तनच्या घरांतील ख्रिस्ती ग्रंथांचा परामर्श

मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आमच्याकडे बहुधा दोन अंगांनीं होतो. भाषेचे अभ्यासक फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापाशीं थांबतात, कारण त्यांतील ओवी त्यांस मोह घालते. आणि मुद्रणाचे इतिहासकार कॅरेच्या श्रीरामपूरच्या छापखान्यापाशीं थांबतात, कारण तेथील मोडी टंकांचें त्यांस अगत्य असतें. हे ग्रंथ ज्यांच्यासाठीं झाले त्या घरांनीं ते कसे वाचले, कोणते जपले आणि कोणते टाकून दिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. अलीकडे मराठींत बायबलाचीं नवीं भाषांतरें, ख्रिस्तपुराणाच्या नव्या आवृत्त्या आणि कुटुंबांत वाचण्याजोगीं अभ्यासाचीं पुस्तकें निघालीं आहेत. त्यांची परीक्षा करावयाची तर याच प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे. धर्ममताचा ऊहापोह हा या लेखाचा विषय नव्हे. ग्रंथ, त्याची भाषा आणि त्याचा वाचक या तिहींचा संबंध तपासणें एवढाच आमचा हेतु आहे.

या परीक्षेसाठीं आम्हीं मीरा-भाईंदर हें क्षेत्र डोळ्यांपुढें ठेवलें आहे. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. परंतु या नव्या शहराच्या पोटांत जुनीं गांवें अद्यापि आहेत : समुद्राकडे उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी, अलीकडे राई, मुर्धा, मोर्वा. साष्टी बेटाचें हें उत्तर टोंक. खाडीपलीकडे वसई. १५३४ च्या तहानें हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ त साष्टी व १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली. १७७४ त साष्टी इंग्रजांच्या हातीं गेली. वसईच्या मोहिमेचीं पत्रें आमच्या संशोधकांनीं पुष्कळ छापलीं, आणि चौक येथील धारावीच्या किल्ल्यासाठीं झालेली झुंज त्यांतून सर्वांच्या परिचयाची झाली. त्या किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारे, मराठी बोलणारे ख्रिस्ती कोळी व शेतकरी त्या वेळीं कोणता ग्रंथ ऐकत होते, हें जाणण्याची उत्सुकता मात्र आम्हीं दाखविली नाहीं.

प्रथम एक खुलासा. स्टीफन्सचें पुराण ज्या साष्टींत छापलें गेलें ती साष्टी गोव्यांतील. दोन्ही ठिकाणीं सहासष्ट गांवांवरून हें नांव पडलें असें परंपरा सांगते, आणि दोन्ही ठिकाणीं पोर्तुगीजांचा अंमल होता. तरी गोव्याची साष्टी निराळी, ठाण्याची निराळी. रायतूर, म्हणजे पोर्तुगीजांचें राशोल, गोव्याच्या साष्टींत आहे. या नामसाम्यानें ग्रंथांच्या स्थलनिर्णयांत गल्लत होऊं देतां कामा नये, कारण पुढील सर्व विवेचन याच भेदावर अवलंबून आहे.

आतां ग्रंथांकडे वळूं. मराठी ख्रिस्ती जनांपुढें आजवर मुख्य धर्मग्रंथ तीन नांवांनीं आला : पुराण, शास्त्र आणि बायबल. हीं तीन नांवें केवळ पर्याय नव्हेत. प्रत्येक नांवामागें ग्रंथ कसा वाचावयाचा याची एक निराळी कल्पना आहे. पुराण ऐकावयाचें असतें, शास्त्र शिकावयाचें असतें. आणि बायबल हा शब्द मूळ ग्रीक भाषेंत केवळ ‘पुस्तकें’ या अर्थाचा असल्यामुळें तें वाचावयाचें असतें. श्रोता, अभ्यासक आणि वाचक असे तीन निराळे अधिकारी या तीन नांवांनीं गृहीत धरले आहेत.

स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला जेज्वित. तो १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं तेथेंच वारला. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हा निघालें. परंतु या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे ९५ अवस्वर, आणि एकंदर ओव्या सुमारें ११०००, असा त्याचा विस्तार आहे. ‘पुराण’ हें नांव स्टीफन्सनें केवळ लोकरंजनासाठीं घेतलें असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या परंपरेंत पुराणाचीं पांच लक्षणें सांगितलीं आहेत : सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. यांपैकीं मन्वंतर सोडलें तर बाकीचीं चार जुन्या करारांत सहज दाखवितां येतात. सृष्टीची उत्पत्ति आहे, जलप्रलयानंतरची पुनर्रचना आहे, वंशावळी आहेत, राजांचीं चरितें आहेत. म्हणजे ग्रंथाची जात ओळखूनच हें नांव दिलेलें आहे, आणि ही जात ओळखणारा मनुष्य आपल्या श्रोत्यांच्या श्रवणाची संवय जाणत होता. मासनंतर देवळांत हें पुराण वाचून दाखविण्याचा प्रघात पडला, यांत आश्चर्य नाहीं.

या पुराणाच्या पाठाचा प्रश्न हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष महत्त्वाचा आहे. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं हस्तलिखित प्रतींवरून रोमन अक्षरांतच आवृत्ति काढली. १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं लंडनच्या प्राच्यविद्या-शाळेंतील मार्सडेन-संग्रहांत या पुराणाची देवनागरी प्रत असल्याचें जाहीर केलें. या प्रतींत पहिल्या भागास आदिपुराण व दुसऱ्यास देवपुराण अशीं नांवें आहेत. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज वळणाचे धर्मशब्द येतात, तेथें या प्रतींत अनेक ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. ॲबट यांनीं हाच मूळ पाठ मानला. परंतु संस्कृत शब्द आहे म्हणून तो पाठ अधिक जुना, असें म्हणतां येत नाहीं. मूळचा संस्कृत शब्द पुढें चर्चच्या धोरणामुळें बदलला असेल, किंवा पोर्तुगीज शब्द नको असलेल्या एखाद्या लेखकानें नक्कल करतांना संस्कृत शब्द बसविला असेल. दोन्ही दिशा संभवतात, आणि पाठचिकित्सेंत केवळ शब्दाच्या शोभेवरून पौर्वापर्य ठरविणें धोक्याचें असतें.

घरगुती वाचकाच्या दृष्टीनें हा वाद निरर्थक नाहीं. १९५६ सालीं पुण्यांत शांताराम बंडेलू यांनीं काढलेली देवनागरी आवृत्ति रोमन पाठावरून तयार झाली. १९९६ सालीं मुंबईंत फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ति निघाली. २००९ सालीं फादर नेल्सन फलकाव यांनीं मार्सडेन प्रतीचा पाठ आधुनिक मराठी गद्यासह दिला. रोमन लिपींतून देवनागरींत आणतांना ऱ्हस्व-दीर्घ कोणते, अनुस्वार कोठें, हें संपादकास पदोपदीं ठरवावें लागतें. मूर्धन्य वर्णांसाठीं जुन्या मुद्रणांत अक्षर दुहेरी लिहीत, जसें ‘पुराण’ शब्दांतील णकारासाठीं दोन नकार. परंतु नकलकारानें एक नकार गाळला कीं ‘ण’चा ‘न’ होतो. तेव्हां देवनागरी आवृत्ति हातीं घेणाऱ्याला आपण स्टीफन्सचें अक्षर वाचतों कीं संपादकाचा निर्णय वाचतों, हें कळलें पाहिजे. मूळ पाठाशेजारीं चालू मराठी गद्य देण्याची फलकाव यांची रीति आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तिच्यामुळें ग्रंथ संशोधकाच्या कपाटांतून घराच्या ओसरीवर येऊं शकतो. भावी संपादकानें याच्या जोडीला निवडक पन्नास-साठ धर्मशब्दांचे दोन्ही पाठ समोरासमोर द्यावे. तेवढ्यानें अर्धा वाद सामान्य वाचकाच्याहि लक्षांत येईल.

परंतु ज्या उत्तन-भाईंदरपासून आम्हीं आरंभ केला, तेथील घरांचा ग्रंथ हा नव्हे. तेथला व खाडीपलीकडील वसईचा ग्रंथ म्हणजे पाद्री फ्रान्सिस्को वाझ दे गिमारांइश याचें ख्रिस्ताच्या मरणयातनांचें पुराण. तें १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत त्याचें पुन्हा मुद्रण झालें. उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोकांच्या बोलीला जवळ अशी त्याची मराठी आहे, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत तें गाण्याची चाल ठाणें-मुंबईकडील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत होती. वाङ्मयेतिहासांत स्टीफन्सला जेवढीं पानें मिळतात तेवढ्या ओळीहि वाझच्या वांट्यास येत नाहींत. कारण उघड आहे. स्टीफन्सची भाषा एकनाथी वळणाची, प्रौढ. वाझची भाषा ओबडधोबड, बोलीची, पोर्तुगीज शब्दांनीं भरलेली. संस्कृताचा संस्कार झालेल्या आमच्यासारख्यांच्या कानांस पहिली रुचते, दुसरी खटकते.

येथेंच आमचा मतभेद आहे. ग्रंथाची परीक्षा जर त्याच्या श्रोत्यांवरून करावयाची, तर वाझच्या पुराणानें जी कसोटी दिली ती फार कठीण होती. १७३९ नंतर पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर पोर्तुगीज धर्मगुरूंचा आधारहि गेला. अशा काळांत ज्या समाजाला लॅटिन कळत नव्हती, त्याच्या घरांत धर्मकथा मातृभाषेंत टिकवून धरण्यास अशा गाण्याच्या ग्रंथाचा मोठा आधार होता. गोव्यांत १६८४ सालच्या फर्मानानें देशी भाषेवर बंदीची आपत्ति आली आणि तेथील मराठी-कोंकणी ख्रिस्ती ग्रंथरचनेचा ओघ आटला. परंतु उत्तर कोंकणांतलें पुराण एकोणिसाव्या शतकांत पुन्हा छापावेंसें वाटण्याइतकें जिवंत राहिलें. पंडितांनीं वाखाणलेल्या ग्रंथाचीं जुनीं मुद्रणें नष्ट झालीं, आणि पंडितांनीं उपेक्षिलेला ग्रंथ लोकांनीं पुन्हा छापविला. ही गोष्ट आमच्या अभिरुचीला विचार करावयास लावणारी आहे.

दुसरें नांव शास्त्राचें. कॅरेनें श्रीरामपूर येथें पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें नवा करार मराठींत आणला, तो १८११ सालीं निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशननें १८२६ सालीं नवा करार व १८४७ सालीं संपूर्ण बायबल मराठींत प्रसिद्ध केलें. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेलें भाषांतर केडगांवच्या मुक्ति-सदनाच्या छापखान्यांत छापून १९२४ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, पुरें झालें. खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रीलाहि वाचतां यावें असा त्यांचा हेतु होता, आणि हिंदु धर्मकल्पना चिकटलेले शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. स्टीफन्सनें स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ शब्द निःशंकपणें वापरला. रमाबाईंसारख्या संस्कृतज्ञ विदुषीनें असे शब्द जाणून बाजूस ठेवले. ज्याला संस्कृत परकी होती त्यानें ती जवळ केली, आणि जिच्या जिभेवर ती लहानपणापासून खेळली तिनें ती दूर ठेवली. परंपरेचा भार बाहेरून आलेल्यास जाणवत नाहीं. तिच्यांत वाढलेल्यास प्रत्येक शब्दाचा सगळा पूर्वेतिहास ऐकूं येतो. या दोन धोरणांपैकीं एक खरें व एक खोटें असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्यानें कथा कानाला ओळखीची होते, दुसऱ्यानें अर्थ निसटत नाहीं.

‘पवित्र शास्त्र’ हें नांव मात्र आम्हांस सर्वस्वीं समर्पक वाटत नाहीं. शास् धातूचा अर्थ आज्ञा करणें, शिकविणें. बायबलांत विधिनिषेध आहेत, परंतु स्तोत्रें आहेत, शोकगीतें आहेत, पत्रें आहेत, प्रेमकाव्यहि आहे. या सर्वांस शास्त्र म्हटलें कीं वाचक प्रत्येक वाक्यांत आज्ञा शोधूं लागतो. उलट ‘करार’ हा शब्द आम्हांस फार चांगला साधलेला दिसतो. हिब्रू ‘बेरीथ’ म्हणजे दोन पक्षांचें बंधन. ग्रीक भाषांतरकारांनीं त्यासाठीं जो शब्द घेतला त्याचा व्यवहारांतील अर्थ मृत्युपत्र असाहि होता, आणि लॅटिनमध्यें तोच अर्थ पुढें आला. मराठी भाषांतरकारांनीं मनुस्मृतींतील ‘संविद्’ घेतला नाहीं; त्यांनीं दफ्तरांतला, अरबींतून फारसीच्या द्वारें आलेला, कौल-करारांतला शब्द उचलला. ज्यांनीं जुने कागद हाताळले आहेत त्यांस करार मोडण्याचा अर्थ काय होतो हें सांगावें लागत नाहीं. पोथीच्या शब्दापेक्षां कचेरीचा शब्द येथें मुळाच्या अधिक जवळ गेला. बायबल-अभ्यासाच्या नव्या पुस्तकांनीं असे शब्द एकेक घेऊन उलगडले, तर वाचकास धर्माबरोबर स्वभाषेचेंहि ज्ञान होईल.

तथापि हें शास्त्र उत्तन-डोंगरीच्या कॅथलिक घरांत फारसें शिरलें नाहीं. तें प्रॉटेस्टंट मिशनांचें होतें, आणि रोमन चर्चची उपासना लॅटिनमध्यें चालत होती. १९०३ सालीं अहमदनगर जिल्ह्यांत ‘निरोप्या’ मासिक निघालें व कॅथलिक वाचकांस मराठी गद्य मिळूं लागलें. परंतु १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना देशी भाषांत आली, तेव्हांच घरांत बायबल उघडून वाचण्याची संवय खऱ्या अर्थानें वाढूं लागली. म्हणजे ज्या समाजाची ख्रिस्ती परंपरा मराठी प्रदेशांत सर्वांत जुनी, त्याच्या हातीं बायबल सर्वांत उशिरा आलें.

तिसऱ्या नांवाचा ग्रंथ याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें ‘सुबोध बायबल’ पुण्याच्या राजहंस प्रकाशनानें २०१० सालीं प्रसिद्ध केलें. दिब्रिटो हे वसईच्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ सालीं निवर्तले. या ग्रंथाचा पहिला विशेष असा कीं, तो मिशनच्या छापखान्यांतून न निघतां मराठी साहित्याच्या सर्वसामान्य बाजारांतून निघाला, आणि त्यामुळें ख्रिस्ती व अख्रिस्ती या दोन्ही वाचकांपुढें एकाच वेळीं गेला. दुसरा विशेष भाषेचा. येथें प्रथमच वसईच्या मातींतला मराठी भाषक आपल्या लेखणीनें संपूर्ण कथा सांगतो. वाक्य परकें वाटत नाहीं, क्रियापद अडखळत नाहीं, आणि जुन्या भाषांतरांत मुळाचा अनुक्रम जपण्यापायीं जी ओढाताण होते ती येथें नाहीं. मराठी घरानें एखादेंच बायबल ठेवावयाचें असेल तर तें हें ठेवावें, असें आम्ही निःसंकोच म्हणूं.

एवढें मान्य करून आमचा एक आक्षेप नोंदवितों. ‘सुबोध’ म्हणजे कोणास सुबोध? शाळेंत प्रमाण मराठी शिकलेल्यास. उत्तनच्या कोळीणीस, राई-मुर्ध्याच्या आगऱ्यास किंवा वसईच्या सामवेदी घरांतील आजीस ही मराठी समजते खरी. पण ती तिच्या घरची नव्हे. आणि तिचीं नातवंडें तर इंग्रजी शाळेंत जातात. त्यांना आजीची बोली परकी आणि सुबोध मराठीहि अवघड, अशी स्थिति येत आहे. एकाच घरांत तीन पिढ्या तीन भाषांत प्रार्थना करतात. अशा घरांत ग्रंथ कितीहि सुबोध झाला तरी तो एकेकट्यानें वाचावयाचा राहतो. सर्वांनीं मिळून ऐकावयाचा राहत नाहीं. वाझचें पुराण जें करीत होतें तें हें नवें पुस्तक करूं शकत नाहीं. हा भाषांतरकाराचा दोष नव्हे. गद्य मौन वाचनासाठीं असतें, आणि ओवी मेळ्यासाठीं.

यावर एक जुनें साधन आमच्याच कपाटांत पडून आहे. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडांत (१९०५) मराठीच्या बोलींचे नमुने दिले आहेत. नमुन्यासाठीं सर्वत्र एकच कथा निवडली आहे, ती लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची. ती तेथें कोळी, किरिस्ताव, आगरी, सामवेदी, वाडवळ अशा बोलींत छापलेली आहे. शासनानें व्याकरणासाठीं गोळा केलेला हा मजकूर म्हणजे भाईंदर-वसईच्या बोलींतील बायबलाचा एक अध्यायच होय. भाषाशास्त्रज्ञांनीं त्यांतील प्रत्यय मोजले. ती कथा पुन्हा त्या घरांत नेऊन वाचावी असें कोणास सुचलें नाहीं. कुटुंबांसाठीं अभ्यासपुस्तक करूं इच्छिणाऱ्यानें आरंभ येथून करावा : एका पानावर बोलीचा १९०५ चा पाठ, समोर चालू मराठी, खालीं शब्दार्थ. आजीनें वाचावें, नातवानें अर्थ सांगावा.

आमच्या सभासदांसाठीं काम यापुढचें आहे. वाझच्या पुराणाच्या मुंबईच्या जुन्या प्रती, रोमन अक्षरांत हातानें उतरलेलीं गाणीं, लग्नाच्या व उपवासकाळाच्या पदांच्या वह्या यांचा शोध साष्टी व वसईच्या जुन्या गांवांतून पद्धतशीर घेतला पाहिजे. मराठी हस्तलिखित म्हणजे मोडी किंवा बाळबोध, ही समजूत सोडून रोमन अक्षरांतलें मराठी हेंहि मराठी हस्तलिखितच, हें प्रथम मनांत ठसवावें. कागद मागून नेण्यापेक्षां घरच्या घरीं छायाचित्र घ्यावें. ग्रंथ ज्यांचा आहे त्यांच्याकडेच असावा. आणि ज्यांना चाल येते त्यांच्याकडून ती ध्वनिमुद्रित करून ठेवावी, कारण पाठ मागाहून कोठेंतरी सांपडूं शकतो, चाल सांपडत नाहीं. भाईंदरच्या खाडीवर इमारती रोज उठत आहेत, आणि जुनें घर पाडतांना माळ्यावरच्या वह्या प्रथम जातात. वाझच्या पुराणाची चिकित्सित देवनागरी आवृत्ति, बोलींच्या शब्दकोशासह, तयार करण्याचें काम एखाद्या तरुण अभ्यासकानें आतांच अंगावर घ्यावें. ज्यांच्या जिभेवर त्या शब्दांचे अर्थ अद्यापि आहेत तीं माणसें उत्तन-पालींत आज भेटतात. कोश करणाऱ्यानें त्यांच्यापाशीं आधीं जावें, ग्रंथालयांत मागाहून.